इटालियन शिकणाऱ्यांसाठी: वर्षाच्या क्रमाने सण, गाणी आणि उच्चार

ऋतुगंध (मूळ लेख)

इटालियन भाषेच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत सण हा शेवटच्या पानांवरचा पूरक मजकूर असतो आणि गाणी तासाच्या अखेरीस उरलेल्या वेळासाठी ठेवलेली असतात. माझे मत याच्या उलट आहे. ज्याला ही भाषा नोकरी आणि घर सांभाळून सावकाश शिकायची आहे, त्याने वर्षाचा क्रम हाच अभ्यासक्रम मानावा आणि त्या त्या दिवसाचे गाणे, बडबडगीत किंवा म्हण त्या त्या दिवशीच पाठ करावी. इटलीत लोकांच्या तोंडी असलेली पुष्कळ पद्ये तारखेला बांधलेली आहेत. तारीख जवळ आली की ती शाळेत, रेडिओवर आणि बाजारात ऐकू येतात आणि तारीख उलटली की कोणी म्हणत नाही. तेच शब्द आठवडाभर निरनिराळ्या लोकांच्या तोंडून कानावर पडावेत, याहून चांगली उजळणी शिकणाऱ्याला मिळणे कठीण आहे.

आरंभ कोणत्याही महिन्यात करता येतो, म्हणून पहिले पद्य महिन्यांचेच घ्यावे. इटालियन मुले ते असे म्हणतात: ‘त्रेंता जोर्नी आ नोवेंब्रे, कोन अप्रिल, जून्यो ए सेत्तेंब्रे, दि वेंतोत्तो चे ने उनो, तुत्ती ल्यी आल्त्री ने आन त्रेंतुनो.’ नोव्हेंबरला तीस दिवस, तसेच एप्रिल, जून आणि सप्टेंबरला. अठ्ठावीसचा एकच, बाकी सगळ्यांना एकतीस, एवढाच अर्थ आहे. पण या चार ओळींत संख्या आहेत, महिने आहेत, ‘असणे’ या क्रियापदाची एकवचनी आणि अनेकवचनी रूपे आहेत आणि ‘त्यांपैकी’ असा अर्थ देणारे ‘ने’ हे छोटे सर्वनाम दोनदा आले आहे. हे सर्वनाम परीक्षेच्या मधल्या पातळीवर पोहोचलेल्यांनाही अडवते. शिवाय ‘अप्रिले’चे ‘अप्रिल’ आणि ‘आन्नो’चे ‘आन’ कसे झाले, हे पाहिले की पद्यात वृत्तासाठी शेवटचा स्वर गाळण्याची रीत पहिल्याच दिवशी ओळखीची होते.

उच्चारांच्या बाबतीत मराठी भाषकाजवळ मोठे भांडवल आहे आणि आपण ते पुरेसे वापरत नाही, असे मला वाटते. इटालियन त आणि द दंत्य आहेत, तसेच क, त, प यांत हकार मिसळत नाही. इंग्रजी भाषकाला जे बराच काळ घोटावे लागते ते आपल्या जिभेवर आधीपासून आहे. मराठीत च आणि ज यांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत आणि इटालियनला ते चारही हवे असतात. ‘चार’मधला च ‘चेना’ म्हणजे रात्रीच्या जेवणात येतो, तर ‘चाक’मधला च ‘पित्सा’त येतो, फक्त तेथे त्यावर दुप्पट वेळ थांबायचे. ‘जेवण’मधला ज ‘जोर्नो’ म्हणजे दिवस या शब्दात आहे आणि ‘जुना’मधला ज शून्यासाठीच्या शब्दाच्या आरंभी आहे. जोडव्यंजनांवर थांबण्याची सवयही आपल्याला ‘पत्ता’, ‘कच्चा’, ‘अण्णा’ या शब्दांनी लावलेलीच आहे. तिचा येथे फार उपयोग होतो, कारण ‘पेना’ म्हणजे दुःख किंवा शिक्षा आणि ‘पेन्ना’ म्हणजे लेखणी.

आपल्याला अवघड जातात ते शेवटचे स्वर. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण उच्चारत नाही आणि ती सवय इटालियनमध्ये घातक ठरते, कारण तेथे लिंग आणि वचन याच शेवटच्या स्वरात असते: रगात्सो म्हणजे मुलगा, रगात्सा मुलगी, रगात्सी मुलगे, रगात्से मुली. बोलताना हा स्वर ओझरता गेला तर समोरचा संदर्भावरून अर्थ लावून घेतो, पण गाताना त्या स्वराला स्वतःचा सूर आणि स्वतःची मात्रा असते, त्यामुळे तो गिळताच येत नाही. गाण्यातून भाषा शिकण्याचा माझा आग्रह मुख्यतः या एका कारणासाठी आहे.

आता ऋतूंकडे येतो. ११ नोव्हेंबर हा सान मार्तीनोचा दिवस. या सुमारास नवी वाइन प्रथम चाखली जाते, म्हणून म्हण आहे: ‘आ सान मार्तीनो ओन्यी मोस्तो दिवेंता वीनो’, म्हणजे सान मार्तीनोला प्रत्येक द्राक्षरसाची वाइन होते. थंडी सुरू झाल्यावर मध्येच येणाऱ्या उबदार दिवसांना याच संताचा उन्हाळा म्हणतात, कारण त्याने आपला झगा तलवारीने कापून अर्धा भिकाऱ्याला दिला आणि त्यावर आकाश निवळले, अशी कथा आहे. व्हेनिसमध्ये मुले भांडी आणि झाकणे वाजवत दारोदार गाणी म्हणत फिरतात आणि घोड्यावर बसलेल्या संताच्या आकाराची मोठी बिस्किटे दुकानांत मांडलेली असतात. १९०६ मध्ये साहित्याचे नोबेल मिळालेल्या कार्दुच्ची यांची याच दिवसावरची छोटी कविता इटलीतील शाळकरी मुलांच्या पिढ्यांनी तोंडपाठ केली आहे. टेकड्यांवर चढणारे धुके, आंबणाऱ्या द्राक्षरसाचा वास आणि शेगडीवर फिरणारी सळई एवढेच तिचे विश्व आहे. १९९३ मध्ये फियोरेल्लो या गायकाने ती नाचाच्या ठेक्यावर गायली, तेव्हा शब्द सगळ्यांना आधीच पाठ होते.

डिसेंबर हा शिकणाऱ्यासाठी सर्वांत समृद्ध महिना आहे. ८ डिसेंबरला घराघरांत ‘प्रेसेपे’ म्हणजे येशूजन्माचा देखावा मांडला जातो. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो या गावी खऱ्या प्राण्यांसह असा देखावा उभा केला, तेथून ही परंपरा सांगितली जाते. नेपल्समधील सान ग्रेगोरियो आर्मेनो ही गल्ली वर्षभर या मूर्ती घडवते. त्यानंतर १६ ते २४ डिसेंबर हे ‘नोवेना’चे, म्हणजे नाताळआधीच्या प्रार्थनांचे, नऊ दिवस. पूर्वी या दिवसांत आब्रुत्सो, मोलीसे आणि चोचारिया या डोंगराळ भागांतील मेंढपाळ रोम आणि नेपल्समध्ये उतरत आणि रस्त्यांवरच्या मूर्तींपुढे वाजवत. एकाजवळ ‘झाम्पोन्या’ म्हणजे कातड्याच्या पिशवीचे वाद्य असे आणि दुसऱ्याजवळ ‘चारामेल्ला’, जे सनईच्या कुळातले दुहेरी पातीचे वाद्य आहे. पिशवीतून अखंड खर्ज चालू राहतो आणि त्यावर दुसरे वाद्य डोलणाऱ्या लयीत धून वाजवते. ही लय शहरातल्या संगीतकारांच्या कानात इतकी भिनली की १७१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरेल्ली यांच्या संग्रहातील नाताळच्या रात्रीसाठीची रचना मेंढपाळी धुनेनेच संपते. तरुणपणी इटलीत राहिलेल्या हेंडेल यांनीही १७४१ च्या आपल्या प्रसिद्ध रचनेत अशा वादकांच्या नावावरून ‘पीफा’ हा भाग घातला. मोलीसेतील स्कापोली या गावात झाम्पोन्या आजही बनते आणि तिचे संग्रहालयही तेथे आहे.

या वादकांकडून सर्वाधिक ऐकू येणारे गीत नेपल्सचे संत आल्फोन्सो दे लिग्वोरी यांच्या नावावर आहे आणि ते त्यांनी १७५४ मध्ये नोला येथे रचले असे सांगतात: ‘तू शेंदी दाल्ले स्तेल्ले, ओ रे देल चेलो, ए व्येनी इन उना ग्रोत्ता, आल फ्रेद्दो ए आल जेलो.’ हे स्वर्गाच्या राजा, तू ताऱ्यांमधून उतरतोस आणि थंडीगारठ्यात एका गुहेत येतोस. नवशिक्यासाठी या दोन ओळींचे मोल फार आहे. क्रियापदे साध्या वर्तमानकाळातील द्वितीय पुरुषी आहेत आणि शब्दयोगी अव्यय व उपपद एकजीव होऊन बनलेली ‘दाल्ले’, ‘देल’, ‘आल’ ही तीन रूपे अर्थासह एका श्वासात पाठ होतात. ‘व्येनी इन’ गाताना शेवटचा आणि पहिला स्वर एकाच सुरात मिसळतो, हे मात्र लक्ष देऊन ऐकावे. इटालियन माणूस बोलतानाही असेच स्वर जोडतो आणि ‘हे लोक फार जलद बोलतात’ असे आपल्याला वाटते त्याचे निम्मे कारण येथे आहे.

६ जानेवारीला बेफाना ही म्हातारी मुलांच्या मोज्यांत खाऊ ठेवते आणि खोडकर मुलांना साखरेचा काळा कोळसा देते. ‘ला बेफाना व्येन दि नोत्ते, कोन ले स्कार्पे तुत्ते रोत्ते’, म्हणजे बेफाना येते रात्री, जोडे तिचे सगळे फाटके. येथे ‘ले स्कार्पे तुत्ते रोत्ते’ या चारही शब्दांच्या शेवटी ए आहे, म्हणजे स्त्रीलिंगी अनेकवचनाचा संपूर्ण नियम यमकातच बसला आहे. या दिवसाची राष्ट्रीय सुट्टी १९७७ मध्ये रद्द झाली होती आणि १९८५ च्या अखेरीस ती परत द्यावी लागली, यावरून लोकांची ओढ लक्षात यावी. जानेवारीचे शेवटचे तीन दिवस ‘मेर्ला’चे, म्हणजे कस्तूरच्या मादीचे, आणि ते वर्षातले सर्वांत थंड मानले जातात. पूर्वी हे पक्षी पांढरे होते, थंडीने गारठून मादीने पिल्लांसह धुराड्यात आश्रय घेतला आणि बाहेर आली ती काळी होऊन, अशी गोष्ट सांगतात. भूतकाळाच्या सरावासाठी ही गोष्ट आपल्या शब्दांत लिहून पाहावी.

पुढे कार्निव्हल, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासपर्वापूर्वीचा जल्लोषाचा काळ. तळून वर पिठीसाखर भुरभुरलेल्या एकाच पातळ, खुसखुशीत पदार्थाला मिलानमध्ये ‘क्याक्येरे’, फ्लॉरेन्समध्ये ‘चेंची’, रोममध्ये ‘फ्राप्पे’ आणि व्हेनेतोत ‘क्रोस्तोली’ म्हणतात, तेव्हा आपण कोणत्या शहरातली इटालियन शिकतो आहोत हे येथे प्रथम जाणवते. ईस्टरसाठी ‘नाताळ आपल्या माणसांत, ईस्टर हव्या त्या माणसांत’ अशा अर्थाची यमकी म्हण पुरेशी आहे. ३० एप्रिलच्या रात्री तोस्काना आणि एमिलियाच्या काही गावांत आजही मंडळी घरोघर ‘माज्जो’ म्हणजे मे महिन्याची गाणी गात फिरतात आणि बदल्यात अंडी व वाइन मिळवतात.

उन्हाळ्याबद्दल मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या भागातील गाण्यांची माहिती येथील जाणकारांकडून यावी अशी इच्छा आहे. ही पद्धत कोणाला पटते, कोणाला पटत नाही, तेही सविस्तर लिहावे.

मांडवी

लेख अतिशय आवडला. उन्हाळ्याच्या आरंभीची एक भर घालते, कारण तिचा संबंध आमच्या गोव्याशीही पोहोचतो. सा रे ग म ज्यांना ‘दो रे मी फा’ म्हणून शिकवले गेले असे अनेक ज्येष्ठ वादक गोव्यात होते आणि आहेत. पोर्तुगीज काळातील पॅरिश शाळांमध्ये मुलांना ‘सोल्फेज’ म्हणजे स्वरनामे म्हणत लिपी वाचण्याचे शिक्षण मिळे आणि त्या शिक्षणावर गोव्यातील वादकांच्या पिढ्या मुंबईच्या चित्रपटसंगीतात उभ्या राहिल्या.

ही स्वरनामे ११ व्या शतकात आरेत्सोच्या ग्वीदो या साधूने एका लॅटिन स्तोत्रातून घेतली. ते स्तोत्र संत जॉन बाप्तिस्ताचे आहे आणि त्याच्या पहिल्या सहा ओळींतली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून एका सुराने वर सुरू होते. ग्वीदोने त्या ओळींची आद्याक्षरे ऊत, रे, मी, फा, सोल, ला अशी घेतली. गायला अवघड असलेल्या ‘ऊत’चा पुढे ‘दो’ झाला आणि संताच्या लॅटिन नावाच्या आद्याक्षरांवरून ‘सी’ आला. या संताचा दिवस २४ जून, म्हणजे नुकताच वर्षातला सर्वांत मोठा दिवस होऊन गेलेला असतो. त्या दिवशी फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीवर आतषबाजी होते, आणि मोदेना परिसरात ‘नोचीनो’ या गडद मद्यासाठी हिरवे, कोवळे अक्रोड याच सुमारास उतरवण्याची रीत आहे.

हिंदुस्थानी संगीत शिकलेल्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. आपला सा गायकाच्या आवाजाप्रमाणे सरकतो, इटलीतला दो मात्र ठरलेल्या एकाच पट्टीचा असतो. तेथील गायनवर्गात ‘दो’ ऐकून आपला सा लावला तर सगळ्या वर्गाशी विसंवाद होईल.

तानपुरा

ऋतुगंध, आपली मांडणी पटली, पण ऑपेराला आपण स्पर्शही केलेला नाही याचे नवल वाटले. मी इटालियनकडे ऑपेरामुळे वळलो. तेथे एकेक शब्द सावकाश येतो, पुनःपुन्हा येतो, आणि संहिता समोर ठेवून ऐकता येतो. बोलत्या भाषेतील ओझरते स्वर पकडण्याआधी कानाला हे शिक्षण मिळाले तर काय वाईट?

शिवाय ऑपेरा हाही ऋतूंशी बांधलेला आहे. तिकीट काढून कोणालाही प्रवेश असलेले पहिले ऑपेरागृह व्हेनिसमध्ये १६३७ च्या कार्निव्हलमध्ये उघडले आणि पुढे दीर्घकाळ ऑपेराचा मुख्य हंगाम कार्निव्हलचाच राहिला. २६ डिसेंबरला तो सुरू होई आणि उपवासपर्वाच्या आदल्या दिवशी संपे. उपवासाच्या चाळीस दिवसांत ऑपेरे बंद असत, त्या काळात रोममध्ये वेश आणि नेपथ्य नसलेल्या ‘ओरातोरियो’ला बहर आला. मिलानच्या स्काला नाट्यगृहाचा हंगाम आज ७ डिसेंबरला, म्हणजे शहराचे रक्षक संत आम्ब्रोज यांच्या दिवशी, सुरू होतो आणि त्या रात्रीचे प्रक्षेपण देशभर पाहिले जाते. इटलीतील ऑपेरागायनाच्या कलेला २०२३ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. एवढे सगळे असताना बडबडगीतांवर थांबणे मला अन्यायाचे वाटते.

ऋतुगंध

तानपुरा, आपले म्हणणे कानाच्या शिक्षणापुरते पूर्णपणे मान्य आहे. माझी अडचण शब्दांची आहे. १९ व्या शतकातील ऑपेराची संहिता ज्या काव्यभाषेत लिहिली जाई ती तेव्हाही कोणी बोलत नव्हते. तेथे आशेला ‘स्पेरान्त्सा’ न म्हणता ‘स्पेमे’ म्हणतात, आत्म्याला ‘आनिमा’ऐवजी ‘आल्मा’ आणि पक्ष्यांना ‘उच्चेल्ली’ऐवजी ‘आउजेल्ली’. पहिल्या वर्षी हे शब्द डोक्यात बसले की पुढे ते बाजूला सारून रोजचे शब्द आणणे फार कष्टाचे होते, आणि हे मी वर्गात अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

तरीही आपल्या कार्निव्हलच्या हंगामातूनच एक मार्ग निघतो. रोस्सिनी यांचा सेविलच्या न्हाव्याचा विनोदी ऑपेरा २० फेब्रुवारी १८१६ रोजी रोममध्ये याच हंगामात प्रथम रंगमंचावर आला. अशा विनोदी ऑपेरात दोन गाण्यांच्या मधले संवाद केवळ वाद्याच्या तुरळक आधारावर, जवळजवळ बोलल्यासारखे म्हटले जातात. त्यांना ‘रेचितातीवो’ म्हणतात. त्यांतील वाक्यरचना बोलीच्या बरीच जवळ आहे, विचारणे, सांगणे, टाळणे, खोटे बोलणे हे सगळे तेथे आहे. फेब्रुवारी महिन्यात एक रेचितातीवो घ्यावा, आधी तालाविना वाचावा आणि मग गायकासोबत म्हणावा, असे मी माझ्या क्रमात घालू इच्छितो. गंभीर ऑपेराच्या एकल गीतांसाठी मी दुसऱ्या वर्षापर्यंत थांबण्याचा सल्ला देईन.

फेब्रुवारीतच सानरेमोचा गीतमहोत्सव असतो. १९५१ पासून चालत आलेल्या या महोत्सवातील गाण्यांचे शब्द साप्ताहिकांत छापून येतात आणि आठवडाभर सारा देश त्यांवर वाद घालतो. समकालीन भाषेसाठी तोही ऐकावा.

पो नदीकाठी

मी कामानिमित्त तोरीनोत राहतो, म्हणून पिएमोंतेकडची थोडी माहिती देतो. कार्निव्हलच्या त्या तळलेल्या पदार्थाला येथे ‘बुजिए’ म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ ‘थापा’ असा आहे. संत जॉन हे तोरीनोचेही रक्षक संत असल्याने २३ जूनच्या संध्याकाळी शहराच्या मुख्य चौकात होळी पेटवली जाते.

सान मार्तीनोबद्दल एक गोष्ट राहिली आहे आणि मला ती वाइनपेक्षा महत्त्वाची वाटते. उत्तर इटलीत शेतमजुरांचे आणि खंडकऱ्यांचे करार ११ नोव्हेंबरला संपत. ज्यांचा करार पुढे चालू होत नसे त्यांना त्या दिवशी घरातले सगळे सामान गाडीवर लादून दुसऱ्या मालकाच्या वस्तीवर जावे लागे. त्यामुळे ‘फारे सान मार्तीनो’, म्हणजे सान मार्तीनो करणे, याचा अर्थच बिऱ्हाड हलवणे असा झाला. माझ्या शेजारच्या आजीबाई आजही कोणाचे घर बदलले की हेच म्हणतात. सण शिकताना त्यामागचे पोटापाण्याचे गणितही शिकावे, असे मला यामुळे वाटते.

उन्हाळ्याची गाणी विचारली आहेत, तर वेर्चेल्ली, नोवारा आणि पाव्हिया या भातशेतीच्या जिल्ह्यांची सांगतो. येथे मेअखेरपासून जुलैच्या आरंभापर्यंत गुडघाभर पाण्यात वाकून भातातले तण उपटण्याचे काम चाले. त्याला ‘मोंदा’ म्हणत आणि ते करणाऱ्या बायकांना ‘मोंदीने’. एमिलिया, व्हेनेतो आणि लोम्बार्दीतून त्या आगगाड्या भरून येत, गोठ्यांत आणि कोठारांत झोपत आणि मजुरीचा काही भाग तांदळाच्या रूपात घेऊन परतत. कोकणात भाताची लावणी करताना बायका जशा एकीने सांगून दुसरीने झेलायची गाणी म्हणतात, तशीच ही गाणी कामाच्या चालीवर गायली जात, पण त्यांचा विषय बहुधा मालक, मुकादम, डास आणि मजुरी हाच असे. वेर्चेल्लीतील लढ्यातून १९०६ मध्ये आठ तासांचा दिवस पदरात पडला, त्यामागेही या बायका होत्या. पांढरी विजार घातलेल्या मालकाला ‘आता आमचे पैसे बाहेर काढ, आम्ही घरी निघालो’ असे ठणकावणारे त्यांचे गाणे येथे आजही शाळांतून ऐकू येते. पुढे तणनाशके आणि यंत्रे आली आणि मोंदा संपली, गाणी मात्र माजी मोंदीनेंच्या गायनमंडळांनी टिकवली.

शिकणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की ही गाणी शुद्ध इटालियनमध्ये नाहीत. त्यांत उत्तरेकडील बोलींचे मिश्रण आहे. तेथे मालकाला ‘सिन्योर पाद्रोने’ न म्हणता ‘शूर पाद्रून’ म्हणतात.

अभ्यासिका

याच मुद्द्यावर मला प्रश्न विचारायचा होता. इटालियन गाणी म्हणून जगभर जी प्रसिद्ध आहेत, उदाहरणार्थ ‘ओ सोले मियो’ हे सूर्यावरचे नेपल्सचे गाणे, ती शब्दकोश घेऊन बसले तरी मला उलगडत नाहीत. शब्द सापडतच नाहीत. नवशिक्याने ती सोडूनच द्यावीत का? आणि दुसरे, माझा मुलगा सात वर्षांचा आहे आणि माझ्यासोबत बसून ऐकतो. त्याच्यासाठी डिसेंबरमध्ये काय घ्यावे?

पो नदीकाठी

अभ्यासिका, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. ते गाणे १८९८ चे असून नापोलितान भाषेतले आहे. शब्द जोवान्नी कापुर्रो यांचे आणि चाल एदुआर्दो दि कापुआ यांची. नापोलितानमध्ये उपपद ‘ओ’ आहे, ‘प्यू’ म्हणजे अधिक याचे ‘क्यू’ होते आणि शब्दाच्या शेवटचे स्वर पुसट होतात, म्हणजे ऋतुगंध यांनी ज्या स्वरांवर भर दिला तेच येथे ऐकू येत नाहीत. त्या गाण्यांचाही ऋतू ठरलेला होता. सप्टेंबरच्या ७ आणि ८ तारखेला नेपल्समध्ये पिएदिग्रोत्ताच्या मेरीचा उत्सव होई आणि नवी गाणी त्या निमित्ताने लोकांपुढे येत. व्हेसुव्हियसवर चढणाऱ्या दोरगाडीचे प्रसिद्ध गाणेही १८८० मध्ये असेच पुढे आले.

इटली १८६१ मध्ये एक राष्ट्र झाले, तेव्हा भाषावैज्ञानिक तुल्यो दे माउरो यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे अडीच टक्के लोकच इटालियन बोलू शकत होते. बाकीच्यांची भाषा आपापल्या प्रांताची होती. फ्लॉरेन्सच्या साहित्यभाषेवर बेतलेली इटालियन पुढे शाळा, सैन्य, स्थलांतर आणि दूरचित्रवाणी यांनी घरोघर नेली. दक्षिणेला सालेन्तोमध्ये तर काही गावांत ‘ग्रीको’ ही ग्रीक कुळातील भाषा अजून बोलली जाते, आणि मेल्पिन्यानो येथे १९९८ पासून दर ऑगस्टमध्ये होणाऱ्या ‘तारान्ताची रात्र’ या लोकसंगीताच्या महोत्सवात तिच्यातली गाणी हजारो लोक गातात. तेव्हा ही गाणी सोडू नयेत, ऐकावीत, पण ती दुसऱ्या भाषेतली आहेत हे मनाशी पक्के ठेवावे आणि त्यांतले शब्द इटालियनच्या वहीत उतरवू नयेत.

ऋतुगंध

पो नदीकाठी, मोंदाची माहिती दिल्याबद्दल मनापासून आभार. जूनसाठी मांडवी यांचे ग्वीदो आणि आपल्या मोंदीने अशी जोडी मी क्रमात घेतो. ‘फारे सान मार्तीनो’ हा प्रयोग तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच शिकवायला हवा.

अभ्यासिका, आपल्या मुलासाठी १३ डिसेंबर, म्हणजे सान्ता लुचियाचा दिवस, सर्वांत योग्य आहे. बेर्गामो, ब्रेशा आणि वेरोना या भागांत मुलांना भेटवस्तू नाताळच्या म्हाताऱ्याऐवजी ही संत आणते. मुले तिला आधी पत्र लिहितात आणि त्या रात्री तिच्या गाढवासाठी काहीतरी खायला ठेवून लवकर झोपतात. आपल्या मुलाकडून असे चार वाक्यांचे पत्र लिहून घ्यावे: ‘कारा सान्ता लुचिया’ असा आरंभ, मग नाव, वय, आणि ‘व्होर्रेई’ म्हणजे ‘मला हवे होते’ या सौम्य रूपाने एक मागणी. दुकानात किंवा उपाहारगृहात मोठ्यांनाही हेच रूप लागते, त्यामुळे आपलाही अभ्यास होईल.

त्यासोबत ‘सान्ता लुचिया, इल जोर्नो प्यू कोर्तो के ची सीया’ ही म्हण घ्यावी. सान्ता लुचिया, सगळ्यांत छोटा दिवस, असा तिचा अर्थ आहे. मुलगा पंचांग पाहून सांगेल की सर्वांत छोटा दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला असतो, आणि ते बरोबरच आहे. म्हण मात्र जुन्या ज्यूलियन कालगणनेच्या वेळची आहे. ती गणना सूर्याच्या मानाने हळूहळू मागे पडत गेली आणि १४ व्या शतकात सर्वांत छोटा दिवस १३ डिसेंबरच्या आसपास येऊ लागला. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर मोजायला लावून ती चूक दुरुस्त केली, पण म्हण होती तशीच राहिली. सिसिलीतील पालेर्मोत या दिवशी पिठाचे पदार्थ, म्हणजे पाव आणि पास्ता, टाळून ‘कुच्चीया’ हा शिजवलेल्या अख्ख्या गव्हाचा गोड पदार्थ खातात. तो रिकोत्ता घालून करतात आणि आपल्या स्वयंपाकघरातही सहज होण्यासारखा आहे.

शोधताना ‘सान्ता लुचिया’ याच नावाचे एक फार प्रसिद्ध गाणे आपल्याला सापडेल. ते या दिवसाचे नाही. ते नेपल्सच्या सान्ता लुचिया या किनाऱ्यावरच्या वस्तीचे, नावाड्याचे गाणे आहे, आणि १९ व्या शतकाच्या मध्यावर तेओदोरो कोत्राउ यांनी त्याचे इटालियन शब्द प्रसिद्ध केले. शब्द इटालियन असल्यामुळे ते शिकण्यास हरकत नाही, पण त्याचा महिना डिसेंबर नव्हे. मुलांच्या गाण्यांसाठी बोलोन्यातील आंतोनियानो संस्थेच्या ‘झेक्कीनो दोरो’ या बालगीत महोत्सवाच्या ध्वनिमुद्रणांचा उपयोग होईल. हा महोत्सव १९५९ पासून चालू आहे आणि मुलेच गात असल्यामुळे उच्चार स्वच्छ व वेग बेताचा असतो. पत्र लिहून झाले की येथे द्यावे, ‘व्होर्रेई’नंतरची क्रियापदे मी तपासून देईन.